उजवा कौल

खारेवाडी, ता. मालवण
८ जून १९५५

ती. बाबलीकाकांच्या पायांशी लवूचा नमस्कार.

तार मिळालीच असेल. तारेत सगळे मावत नाही म्हणून हे पत्र. दत्ताकाका ज्या पडावावर होता, तो देवगडहून आंब्याच्या शेवटच्या पेट्या भरून मुंबईला निघाला आणि वादळात सापडला. विजयदुर्गाच्या बाजूला पेट्यांच्या फळ्या आणि आंबे किनाऱ्याला लागले. माणूस एकही लागला नाही. तारेत मी आधी ‘पडाव बुडाला’ असे लिहिणार होतो, पण बुडताना कोणी पाहिलेला नाही, म्हणून ‘पडाव बेपत्ता’ असे लिहिले. ते बरोबर केले ना, हे कळवावे.

आयेने धाकट्या लेकासाठी अन्न सोडले होते. मथुराकाकूला सातवा महिना आहे. सासू जेवत नाही म्हणून तीही जेवत नव्हती. मला काय करावे ते सुचेना. काल आये आपणच उठली, आंघोळ केली आणि सातेरी देवीच्या देवळात कौल घ्यायला गेली.

तुम्हाला गाव सोडून बरीच वर्षे झाली म्हणून रीत लिहितो. दर्यात हरवलेल्या माणसाचा कौल चारचौघांत घेत नाहीत. आईने एकटीने जायचे, आई नसली तर बायकोने. महादू गुरव पाषाणाला दोन्ही अंगांना कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर माणूस आहे, डावी पडली तर नाही. जे पडेल ते विचारणारीनेच घरी सांगायचे. गुरवाने त्यावर बाहेर तोंड उघडायचे नाही.

मी तळीपर्यंत बरोबर गेलो आणि तिथे थांबलो. ती परत आली तेव्हा तिचा पाय नीट पडत नव्हता, म्हणून हात धरला. घरी मथुराकाकू खांबाला धरून उभी होती. आयेने तिच्या पोटाकडे बघितले आणि म्हणाली, “उजवो दिल्यान गो. जेव आता.”

मग दोघी जेवल्या. काका, दत्ताकाका आहे. कुठे आहे ते तेवढे तुम्ही शोधा.

आपला,
लवू


मुंबई
२१ जून १९५५

चि. लवू यास आशीर्वाद.

तारेत लिहिलेस ते बरोबरच लिहिलेस. तार आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तुझे पत्र आले, उजवा कौल वाचला आणि त्या दिवशी झोप लागली.

गोदीतून सुटलो की भाऊच्या धक्क्यावर जातो. जो तांडेल भेटेल त्याला विचारतो. काही म्हणतात, वाऱ्याने पडाव वर काठेवाडाकडे नेला असेल, तिकडून खबर यायला वेळ लागतो. तसेच असणार.

तू लहान आहेस, म्हणून तुला आये कोण आहे ते ठाऊक नाही. माझे बाबा गेले तेव्हा तुझा बाप रांगत होता आणि दत्ताराम पोटात होता. तिने मासळीची पाटी डोक्यावर घेतली. कट्ट्याच्या बाजारापर्यंत चालत जायची. घरात तेल नसले तरी देवीच्या दिव्यात असायचे. मी एकदा रागाने म्हणालो, देवी काय आमका जेवूक घालता? ती मारायला धावली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. अजून ते बघणे आठवते. आणि पाटीतली मासळी आदल्या दिवसाची असली तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी स्वतः सांगायची, “कालची आसा हां.” बाकीच्या बायका तिला वेडी म्हणायच्या.

अशा बाईला देवी फसवणार नाही. तुझा बापही आता नाही. घरात पुरुषमाणूस तूच. त्या दोघींना सांभाळ.

बाबली


खारेवाडी
२० ऑक्टोबर १९५५

ती. काकांस लवूचा नमस्कार.

मूल गेल्याचे मागच्या कार्डात लिहिले होते. मुलगी होती. बाराव्याआधीच गेली. मथुराकाकू आता कामाला लागली आहे. सुकत घातलेले बांगडे उलटते, पाणी भरते, विचारले तेवढे बोलते. कपाळावर कुंकू मात्र ठळक लावते.

म्हाळाच्या दिवशी भटजींनी पितरांची नावे विचारली. आजोबांचे, माझ्या बापाचे सांगितले. मग ते थांबले आणि आयेकडे बघू लागले. आये म्हणाली, दत्तारामाचे घेऊ नका. मथुराकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने सुस्कारा सोडलेला मी ऐकला.

जेवणे झाल्यावर आयेने आणखी एक पान वाढले आणि मागीलदारी माडाखाली नेऊन ठेवले. मी विचारले, हे कुणाला. म्हणाली, “वाटसराक.” एवढ्या दुःखात तिला वाटसरू सुचतो.

दुसरे म्हणजे तिने मासे सोडले. मासळीवर जगणारी गाबतीण असून मासे सोडले. वाडीत सगळे म्हणतात, देवीने मुलगा, तिचा झील, राखला म्हणून नवस केला असणार. मी विचारले तर पेजेचे भांडे जवळ ओढले. नुसत्या पेजेवर तिचे कसे होणार, ही काळजी मला लागून राहिली आहे. तुम्ही पत्रातून तिला दोन शब्द सांगावेत. मी वाचून दाखवीन.

लवू


मुंबई
५ जानेवारी १९५६

चि. लवू यास आशीर्वाद.

आयेला वाच: आये, तू केलंस तां बरा केलंस. पण अंगाक जप.

तू उगाच घाबरतोस. तिचे असले नवस आम्ही लहानपणापासून बघत आलो. इथे आमच्या खोलीत गाववाले सगळे आहेत. त्यांना मी सांगितले, आमच्या म्हातारीने मासे सोडले. सगळ्यांनी हात जोडले.

काठेवाडाकडून अजून काही नाही.

बाबली


खारेवाडी
१४ डिसेंबर १९५७

ती. काकांस लवूचा नमस्कार.

जत्रा झाली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे आये एकटी कौल घ्यायला गेली. यंदाही उजवा. मथुराकाकूने नवा चुडा भरला.

आयेविषयी लिहायचे तर तिचे वागणे मला कळत नाही. कौलाचा दिवस सोडला तर ती देवळात पाऊल ठेवत नाही. पायरीशी उभी राहून हात जोडते. वाहणा घालत नाही. चटई टाकून दिली, जमिनीवर निजते. ज्यांचे घोव पडावावर आहेत त्या बायका तिच्याकडे येतात. “जिचो झील देवीन राखलो ती ही,” असे म्हणतात आणि पाया पडतात. परवा एक पडली तेव्हा आयेने पाय असे ओढून घेतले की ती बाई बिचारी ओशाळली. आये तिला म्हणाली, “माझ्या पायांक लागा नको, बाय. माझे पाय बरे नाय.” बायकांनी त्यावरून तिला आणखी मोठी केली. म्हणाल्या, बघा, इतके असून गर्व नाही.

मला तिची भीती वाटते, काका. कशाची ते लिहिता येत नाही. चूकभूल माफ असावी.

लवू


खारेवाडी
१९ मार्च १९६१

ती. काकांस लवूचा नमस्कार.

हे पत्र एकट्याने वाचावे. त्वरित उत्तर द्यावे.

मथुराकाकूचे भाऊ दाजी आरोंद्याहून आले होते. वेंगुर्ल्याला त्यांच्या ओळखीचा एक माणूस आहे. बायको वारली, मागे एक लहान मुलगी, घरचा मचवा आहे, दारू पीत नाही. तो पाट लावायला तयार आहे. दाजी म्हणाले की भटजींना विचारले, बेपत्ता माणसाची क्रिया बारा वर्षांनी करतात, पण देवीने डावा कौल दिला तर त्याच वर्षी करता येते आणि बायको मोकळी होते. म्हणून त्यांनी आयेला विनवले, की पुन्हा एकदा विचारून या.

आये लगेच उठली. अवेळी, जत्रा नसताना गेली. आली आणि म्हणाली, उजवो.

दाजी चिडले. ओसरीवरूनच म्हणाले, “देवी उजवो देता, मगे माणूस कित्याक देणा नाय? सहा वर्सा झाली. माझ्या भयणीन काय कुंकवाचो करंडो सांभाळीत म्हातारी होवचा?” मथुराकाकूच भावाला म्हणाली की आयेला उलटून बोलायचे नाही. दाजी न जेवता गेले.

दुसऱ्या दिवशी मी आणि ती मासळीला मीठ लावत होतो. तिने मान वर न करता मला विचारले, त्या माणसाची मुलगी केवढी आहे म्हणून दाजी म्हणाला? मी म्हटले, चार वर्षांची. ती म्हणाली, माझी असती तर पाचची असती. काका, तिला जायचे आहे. ती तोंडाने म्हणणार नाही.

तुम्ही लिहिलेत तर आये ऐकेल. काय करावे?

लवू


मुंबई
३० मार्च १९६१

चि. लवू यास आशीर्वाद.

मी चार दिवस विचार केला. देवी आहे म्हणते आणि आपण नाही म्हणून त्याची बायको दुसऱ्याच्या घरी पाठवायची, आणि उद्या तो दारात उभा राहिला तर मी त्याला कोणते तोंड दाखवू? दाजीला बहिणीचे दुःख आहे, कबूल. पण आयेला कौल मिळाला आहे. त्यापुढे माझी अक्कल चालवायची नाही. तूही चालवू नकोस.

मथुरेला सांग, थोडी कळ काढ.

बाबली


खारेवाडी
२८ नोव्हेंबर १९६६

ती. काकांस लवूचा नमस्कार.

आयेला ताप आहे. मालवणच्या डॉक्टरांनी औषध दिले. धोका नाही म्हणतात, पण ती उठून बसू शकत नाही. जत्रा तोंडावर आली आहे. कौलाचा दिवस चुकणार असे दिसते. इतक्या वर्षांत तो कधी चुकला नाही, म्हणून मला चैन पडत नाही. महादू गुरवाला विचारले. तो म्हणाला, आई पडून असेल तर बायकोने घ्यावा, रीत आहे.

मी आयेला तसे म्हटले, तर तापातही ती उठायला लागली. मथुरेला धाडायचे नाही, यंदा कौल नको, देवीला कळते, असे म्हणू लागली. तिला शपथ घालून निजवावे लागले. नियम मोडला तर दत्ताकाकाला बाधेल का, आणि आयेचे ऐकले नाही तर तिला बाधेल का, यातले काहीच मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगाल तसे करीन.

लवू


मुंबई
२ डिसेंबर १९६६

चि. लवू यास आशीर्वाद.

नियम मोडायचा नाही. आये तापात बोलते, ते मनावर घेऊ नकोस. मथुरेला पाठव. उजवा कौल घेऊन आली की आयेलाही हुशारी वाटेल.

बाबली


खारेवाडी
१२ डिसेंबर १९६६

ती. काकांस,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडले. आता जसे झाले तसे लिहितो.

मथुराकाकू देवळात गेली. मी तळीपाशी थांबलो होतो. ती लवकर आली. तिचा चेहरा नेहमीसारखा होता. कळशी भरून आणताना असतो तसा. घरी आली, पाय धुतले, आत आयेच्या उशाशी जाऊन बसली. मी दारात होतो.

म्हणाली, “आये, माका डावो पडलो.”

आये छपराकडे बघत होती. मथुराकाकू म्हणाली, “आजपर्यंत तुमका उजवो पडा होतो. माकाच डावो कसो?”

आये म्हणाली, “माकाय डावोच पडा होतो गो. पयल्या दिसापासून.”

काका, मला वाटले ताप डोक्यात गेला. तसे नव्हते. ती शुद्धीवर होती आणि स्पष्ट बोलत होती. मथुराकाकूने विचारले, मग उजवा म्हणून का सांगितलेत? आये म्हणाली की पहिल्या दिवशी तू पोटुशी दारात उभी होतीस, माझ्याने सांगवले नाही. म्हटले, बाळंत होऊ दे, मग सांगू. मग मूल गेले. दोन्ही एकदम कशी सांगणार होते? म्हटले, वर्ष जाऊ दे. वर्षानंतर सांगायला तोंड राहिले नाही.

मथुराकाकू म्हणाली, “आणि वेंगुर्ल्याचो माणूस इल्लो तेव्हा?”

आयेने तोंड भिंतीकडे केले. मग म्हणाली, “तेव्हा तू गेली असतंस, तर ह्या घरात माझ्या झिलाचा कोण रवला असता?”

मथुराकाकू उठली आणि चुलीपाशी गेली. आयेसाठी पेज ठेवली होती, ती उतू जात होती, ती तिने उतरवली. मग तिथेच बसून राहिली. तिचे रडणे मला ऐकू आले नाही.

म्हणजे दत्ताकाका नाही. देवीने कधीच आहे म्हटले नव्हते. माडाखालचे पान त्याचेच असायचे. आये देवीच्या तोंडचे शब्द फिरवून आली होती, म्हणून पायरी चढत नव्हती. मी हे सगळे डोळ्यांनी बघून तुम्हाला वर्षानुवर्षे लिहीत होतो आणि मला काही दिसत नव्हते.

आता काय करायचे?

लवू


मुंबई
२० डिसेंबर १९६६

चि. लवू यास,

मी सुतक धरले आहे. खोलीत कोणाला कारण सांगितलेले नाही.

आयेचा राग येतो आणि येतही नाही. आमच्यापैकी कोणालाही रडू न देता ती एवढी वर्षे त्याच्यासाठी एकटी रडली. तिने मासे सोडले ते मी इथे अभिमानाने सांगत फिरलो. आणि मथुरेचे काय? तिला मी कळ काढ म्हणून लिहिले. ते माझ्या हातचे अक्षर आहे.

पण झाले ते घराबाहेर जाऊ देऊ नकोस. महादू बोलणार नाही. वाडीला एवढेच सांग की यंदा कौल फिरला. मी माघात येतो. दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करू. देवीने सांगितले ते खरे मानून आता तरी त्याला वाटेला लावू. मग मथुरा मोकळी. दाजीला लिही.

बाबली


खारेवाडी
९ मार्च १९६७

ती. काकांस लवूचा नमस्कार.

तुम्ही गेल्यानंतरचे लिहितो. क्रियेच्या दिवशी पुळणीवर तुम्ही दर्भाला अग्नी दिलात तेव्हा आये घरीच होती, म्हणून तुम्हाला माहीत नसेल: ती त्या वेळी चुलीत लाकूड सारत होती आणि तिने हात जाळात घातला. मथुराकाकू बांगड्या फोडून घेऊन परत आली ती आधी तिच्या हाताला खोबरेल लावायला बसली.

काल दाजी येऊन तिला आरोंद्याला घेऊन गेले. निघताना ती आयेच्या पाया पडली नाही. अंगणातून परत आली. मला वाटले, आता पडेल. तिने पेजेचे भांडे आयेच्या हाताशी सरकवून ठेवले आणि गेली. आये म्हणाली, “बरा केल्यान.”

वाडीत कोणाला काही कळलेले नाही. उलट आयेविषयी म्हणतात, गोदूबाईला देवी खरे तेच सांगते, होता तोवर आहे म्हणाली, गेला तेव्हा गेला म्हणाली. बायका पूर्वीपेक्षा जास्त येतात. आये पाठ फिरवून निजते.

लवू


खारेवाडी
१७ ऑक्टोबर १९६८

ती. काकांस लवूचा नमस्कार.

मथुराकाकूचा पाट आरोंद्याला लागल्याचे मागे लिहिले होते. शेतकरी माणूस आहे, वयाने बराच मोठा. तिला आठवा महिना लागला आहे, असे दाजींचे पत्र आले. आयेला वाचून दाखवले. तिने ते पत्र हातात घेऊन ठेवले होते.

आता इथले. गेल्या आठवड्यात वारा फिरला, त्यात शेजारच्या विठोबाची होडी गेली, तिची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली. दोघे होते. एकाचे प्रेत देवबागेला लागले. विठोबा मिळाला नाही. त्याची बायको तुळसा नुकतीच बाळंत झाली आहे, सुवेरात देवळात जाता येत नाही. विठोबाला आई नाही. तुळसेच्या सासऱ्यांनी येऊन आयेच्या पायांवर डोके ठेवले, की तुमच्याशी देवी खोटे बोलत नाही, तुम्ही कौल घ्या.

मला वाटले, ती हाकलून देईल. तिने काठी जवळ ओढली आणि म्हणाली, “चल लवू, माका धर. ह्या खेपेक जां पडात तां सांगतलंय.”

डावा पडला. तिने तुळसेच्या दारात जाऊन तसे सांगितले. तुळसा बाजेवरून उठून अंगावर आली, तिला बायकांनी धरले. त्याच दिवशी तिचे कुंकू पुसले. परतताना आयेचा हात माझ्या हातात होता. ती म्हणाली, सोपा नाय, पण एवढा कठीणय नाय. मला वाटते, तिला पुष्कळ वर्षांनी थोडे हलके वाटले.

कागद भरत आला, पण एक लिहायचे राहिले. हे लिहीत असताना वाडीत ओरडा झाला म्हणून बाहेर गेलो होतो. विठोबा आला आहे. फळीला धरून वाहत गेला, कारवारच्या खलाशांनी उचलला, तिकडे तापात पडला होता. आता आपल्या पायांनी चालत आला.

लवू


मुंबई
२३ ऑक्टोबर १९६८

चि. लवू यास आशीर्वाद.

विठोबा परत आला, वाचून फार आनंद झाला. अशी खबर कधी तरी यावी. तुळसेचे नशीब. देवीची कृपा. आयेला सांग, बाबलीच्या नावाने देवीला नारळ दे. आता तिने मन मोकळे करावे.

बाबली


खारेवाडी
४ नोव्हेंबर १९६८

ती. काकांस लवूचा नमस्कार.

तुमचे कार्ड मिळाले. नारळाचे आयेला वाचून दाखवले नाही. का, ते लिहितो.

विठोबा आला त्या दिवशी त्याच्या अंगणात सगळी वाडी जमली होती. तुळसेच्या हातात पुन्हा बांगड्या भरत होते. कोणी म्हणाले, “विठू, तुझ्या तेराव्याक वडे खावचे होते रे, मध्येच कित्याक इलंस?” सगळे हसत होते. तेवढ्यात आये काठी टेकत आली. लोक बाजूला झाले. एक बाई मागून म्हणाली, म्हातारेच्या तोंडान गेलो, आपल्या पायान इलो. आयेने ते ऐकले की नाही ठाऊक नाही. ती विठोबाच्या पुढ्यात बसली. त्याच्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवला. तो बिचारा लाजला. म्हणाला, “मीच आसंय, आये. भूत नाय.”

तिथून ती मला घेऊन महादू गुरवाकडे गेली. तो आता म्हातारा झाला आहे. आयेने त्याला विचारले, परवा डावाच पडला होता ना? महादू म्हणाला, डावाच, मी डोळ्यांनी बघितला. आये म्हणाली, “मगे ह्यो कसो इलो?”

महादू म्हणाला, “माका काय म्हायत, गोदूबाय.”

आये तिथेच त्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, “मी लोकांशी खोटा बोललंय, पण तिच्या शब्दार कधी शक घेवक नाय. तिना डावो दिल्यान आणि मी माझ्या झिलाक त्याच दिसा मेलेलो धरलंय. एकदा दर्याकडे बघूक नाय.” महादू रडायला लागला. ती रडली नाही.

तेव्हापासून ती घरात राहत नाही. सकाळी उठते आणि पुळणीवर जाऊन बसते. देवापुढचा दिवा मी लावतो, ती बघत नाही. कारवारकडून, गोव्याकडून जी होडी येईल तिच्यातल्या माणसांना दत्ताकाकाचे वर्णन सांगते: उंच, कानात भिकबाळी, हसताना एक डोळा बारीक होतो. तेरा वर्षांपूर्वीचे वर्णन सांगते. माणसे होय होय म्हणून निघून जातात. मी तिला म्हटले, आये, पडाव होता तो, फळ्या सापडल्या होत्या. ती म्हणाली, विठोबाचीही फळीच सापडली होती.

काका, तो जिवंत असेल असे मला वाटत नाही. पण नसेल असेही आता मला कशाच्या आधारावर म्हणता येत नाही. आपण त्याची क्रिया केली, ती त्या कौलाच्या भरवशावर.

दाजींनी आयेची खुशाली विचारली होती. मथुराकाकूचे दिवस भरत आले आहेत. मी उत्तर लिहिले, आये बरी आहे. विठोबाचे काही लिहिले नाही. ते बरोबर केले की नाही, हे तुम्हाला विचारायचे माझ्या मनात होते, पण आता नाही विचारत.

काल दुपारी जाळे ओढून वर आलो तेव्हा तिने मला जवळ बसवले. ती शुद्धीत आहे, काका, तसे काही समजू नका. म्हणाली, “लवू, दत्ताराम इलो आणि मथुरा खंय म्हणान इचारल्यान, तर त्येका काय सांगूचा?”

मी बघू म्हटले. आज तिने परत तेच विचारले. तुम्ही घरातले थोरले आहात. तिला काय सांगू, ते लिहा.

लवू